पायथनची पहिली पायरी : 'थॉनी' वापरून पाहताना

संगणकाची भाषा अगदी मुळापासून शिकू पाहणाऱ्या प्रौढ माणसाने कोणते साधन हाती घ्यावे, या प्रश्नाला फोंड्यातल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गापुरते तरी समाधानकारक उत्तर मिळाले आहे, आणि ते साधन म्हणजे 'थॉनी'. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तयार झालेला हा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचे व चालवायचे साधन, विनामूल्य व मुक्त स्रोत आहे, आणि तो नवशिक्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून घडवलेला आहे. तिस्क या भागातल्या आमच्या तुकडीत कुंडईच्या कारखान्यात भांडार सांभाळणारे एक गृहस्थ होते, एका देवस्थानचे हिशेब पाहणारे निवृत्त शिक्षक होते, आणि गोवा शासनाच्या कोडिंग व रोबोटिक्स योजनेमुळे मुले शाळेतून जे प्रश्न घेऊन घरी येतात, त्यांना काहीतरी उत्तर देता यावे म्हणून आलेल्या दोन-तीन माताही होत्या. मी स्वतः पतसंस्थेत नोकरी करतो. 'व्हेरिएबल' (किंमत साठवून ठेवणारे नाव) हा शब्द आमच्यापैकी कोणी पूर्वी ऐकलाच असेल, तर तो मुलांच्या तोंडून.

थॉनीची पहिली जमेची बाजू अशी की त्याच्याबरोबर पायथनही येतो. एकच फाइल उतरवून घ्यायची, बसवायची आणि लिहायला लागायचे. हे सांगण्यासारखे आहे, कारण आमच्यातल्या एक-दोघांनी याआधी जिथे नाव घातले होते तिथे सुरुवातीलाच व्यावसायिक प्रोग्रामरचा एडिटर हाती दिला गेला, आणि पहिले काही वर्ग पायथन कुठे बसला आहे हे त्या एडिटरला समजावण्यातच गेले. थॉनीच्या पडद्यावर वर प्रोग्राम लिहायची जागा, खाली उत्तर दिसायची जागा, एवढेच आहे. 'व्ह्यू' मेनूतून व्हेरिएबल्सचा तक्ता उघडला की बाजूला प्रत्येक नाव आणि त्याची किंमत दिसू लागते. तो तक्ता सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून उघडा ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय एकदा बसवल्यावर इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे नेटवर्क आणि वीज या दोघांचा लपंडाव चालतो. ब्राउझरमध्ये चालणारी साधने तेव्हा हात वर करतात, आणि हे मात्र लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत चालते.

या साधनाचे खरे मोल कळले ते मासळीच्या बिलाच्या प्रोग्राममध्ये. सरांनी साधे काम दिले होते : बांगड्यांचे पैसे विचारायचे, सुंगटांचे (कोळंबीचे) पैसे विचारायचे, दोन्हींची बेरीज छापायची. बांगडे २००, सुंगटे ४०० असे आकडे घातले (सुंगटे चारशेला कुठे मिळतात, हा प्रश्न वर्गात आधी निघाला), आणि उत्तर आले २००४००. दोन लाख चारशे रुपयांची मासळी. अशा वेळी नवशिक्या आधी स्वतःवर आणि मग यंत्रावर चिडतो. थॉनीत मात्र बाजूच्या तक्त्यात दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत बसलेले दिसत होते. म्हणजे पायथनच्या लेखी ते आकडे नव्हतेच, ती अक्षरे होती. कारण 'इनपुट' ही माहिती विचारणारी आज्ञा जे काही घेते ते मजकूर म्हणूनच परत देते, आणि मजकुरात अधिक चिन्ह घातले की बेरीज होत नाही, एकापुढे एक चिकटवणे होते. 'इंट' लावून दोहोंचे आकडे केले की तक्त्यातली अवतरणचिन्हे गेली आणि बिल ६०० वर आले. हेच सरांनी फळ्यावर सांगितले असते तर आम्ही माना डोलावल्या असत्या. ती चिन्हे डोळ्यांसमोर नाहीशी झाली म्हणून ते पक्के बसले.

याहून पुढची सोय म्हणजे प्रोग्राम एकेक पायरीने चालवणे. एफ ५ दाबले की प्रोग्राम सरळ धावतो, पण डीबग (चूक शोधण्यासाठी तपासत चालवणे) करायला घेऊन एफ ७ दाबत गेले की चालू ओळ उजळते, तिच्यातला एकेक तुकडा चौकटीत येतो, आणि त्या तुकड्याच्या जागी त्याचे उत्तर येऊन बसते. आमच्या तुकडीतल्या निवृत्त शिक्षकांना 'शिल्लक = शिल्लक + ५००' ही ओळ काही केल्या पटत नव्हती. शाळेत आयुष्यभर बीजगणित शिकवलेल्या माणसाला एखादी रक्कम स्वतःहून पाचशेने मोठी कशी असेल, हा प्रश्न पडणारच. त्यांनी ती ओळ पायरीपायरीने चालवली. आधी उजवीकडच्या 'शिल्लक'च्या जागी १५०० आले, मग १५०० आणि ५०० मिळून २००० झाले, आणि शेवटी ते २००० डावीकडच्या नावावर जमा झाले. "म्हणजे ही कीर्दीतली नोंद आहे, समीकरण नव्हे," एवढेच ते म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला. फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रामच्या तुकड्याच्या, बाबतीतही हेच. दरेक वेळी फंक्शन बोलावले की थॉनी त्याची वेगळी खिडकी उघडतो, तिच्यात त्याची स्वतःची व्हेरिएबल्स असतात, आणि काम संपले की खिडकी मिटते. आतले नाव बाहेर का दिसत नाही, हे मग निराळे समजवावे लागत नाही.

चुका दाखवण्याची पद्धतही चांगली आहे. अवतरणचिन्ह मिटवायचे राहिले तर ती ओळ रंगाने लगेच वेगळी दिसते, कंस उघडा राहिला तरी तसेच. प्रोग्राम अडखळला की 'असिस्टंट' नावाची पट्टी उघडते आणि संभाव्य कारणे सुचवते. हे सारे इंग्रजीत असल्यामुळे आमच्यातले काही जण त्याकडे पाहतच नसत. सरांनी एक शिस्त लावली : लाल मजकुराची शेवटची ओळ आधी मोठ्याने वाचायची, कारण चूक कोणत्या प्रकारची आणि कशामुळे झाली, हे तिथेच असते. मोबाइलवरून किंवा वर्डमधून उचललेल्या प्रोग्रामात वळणदार अवतरणचिन्हे येतात, ती पायथनला चालत नाहीत, हेही त्याच ओळीत लिहिलेले असते. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पायथन १९९१ पासून आहे, पण २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' या छापायच्या आज्ञेला कंस सक्तीचे झाले, आणि दुसऱ्या आवृत्तीची देखभाल २०२० च्या आरंभी थांबली. कंसाविना 'प्रिंट' दिसले, तर ते पुस्तक बाजूला ठेवावे.

मराठी वाचकाला विशेष रस वाटेल असा भाग देवनागरीचा. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलची नावे देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे 'किंमत', 'व्याज', 'मुद्दल' ही नावे थॉनीत बिनतक्रार चालली. 'इफ', 'फॉर' हे भाषेचे स्वतःचे शब्द मात्र रोमन लिपीतच राहतात, आणि दर ओळीला कीबोर्ड बदलण्याचा कंटाळा येऊन बहुतेकांनी आठवड्याभरात ही हौस सोडली. आकड्यांची गंमत वेगळीच आहे. प्रोग्रामात थेट देवनागरी १२३ लिहिले तर पायथन चूक काढतो, पण तेच अवतरणात घालून 'इंट'ला दिले तर निमूटपणे खरा आकडा करून देतो. आणि 'म्हापसा' या शब्दाची लांबी 'लेन'ला विचारली, तेव्हा उत्तर सात आले. डोळ्यांना अक्षरे तीन दिसतात; पायथन म, हलन्त, ह, काना, प, स, काना असे सुटे घटक मोजतो. मराठी नावांची यादी ठरावीक रुंदीत छापायची असेल, तर पुढे हे फार छळते.

उणिवाही आहेत. शंभर फेऱ्यांचे लूप एफ ७ ने चालवणे म्हणजे शिक्षा आहे. नवशिक्याने फेऱ्या तीनच ठेवून पाहावे. मोबाइलवर शिकू इच्छिणाऱ्याच्या हे कामाचे नाही, विंडोज, मॅक किंवा लिनक्सचा संगणक हवाच. आणि निव्वळ थॉनी बसवल्याने कोणी शिकत नाही : चूक दिसते, पण ती चूक का, हे विचारायला शेजारी कोणीतरी लागते. आमच्या वर्गात ते मराठी-कोंकणी मिसळून विचारता येत होते, याचा वाटा मोठा आहे.

कुंडईच्या गृहस्थांना एक्सेलमधला भांडाराचा साठा वाचायचा होता. 'टूल्स' मेनूतल्या पॅकेजच्या खिडकीतून 'ओपनपायएक्सेल' हे एक्सेलच्या फाइली वाचणारे पॅकेज शोधून बसवणे त्यांना आज्ञा टाइप करायची काळी खिडकी न उघडता जमले. पुढे त्यांचा प्रोग्राम चार-पाच फाइलींत पसरला, तेव्हा सरांनी त्यांना 'व्हीएस कोड' या व्यावसायिक एडिटरकडे वळवले, आणि ते योग्यच होते. बाकी आम्ही अजून थॉनीतच आहोत; व्याजाचा तक्ता, पावत्यांची बेरीज अशी एका फाइलीत मावणारी कामे त्यात आरामात होतात.