पाच रविवारांचा बायबल अभ्यासवर्ग: दोन रकाने आणि एक मोकळी जागा

सोलापुरात सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर, एका चर्चच्या हॉलमध्ये हा वर्ग उन्हाळ्यात भरला. बायबलमधल्या घटनांना बायबलबाहेर काय पुरावा सापडतो, हा विषय. फी २०० रुपये, त्यात झेरॉक्सचा गठ्ठा आणि चहा. पाचही रविवार बसलो, म्हणून लिहितोय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. वडील रोज दिवेलागणीला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर घडलेलं आहे याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत ऐकायचो, सगळ्या कथा आहेत. दोन्हीकडे मी गप्प बसायचो, आणि ते गप्प बसणं फार बोचायचं.

दुसरा रविवार मी विसरणार नाही. सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक, अध्याय १८. उजवीकडे अश्शूरचा राजा सन्हेरीब याने मातीच्या सहाकोनी स्तंभावर लिहून ठेवलेला स्वाऱ्यांचा वृत्तांत. घटना एकच: इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदा राज्यावर झालेली स्वारी. यहूदाचा राजा हिज्कीया याने दिलेली खंडणी बघा. सोनं डावीकडे ३० किक्कार (वजनाचं जुनं माप), उजवीकडेही ३०. चांदी डावीकडे ३००, उजवीकडे ८००. माझं आयुष्य आमचं खातं आणि पार्टीचं खातं जुळवण्यात गेलंय. एक रक्कम जुळते, दुसरीत फरक येतो, तेव्हा व्यवहार झालाय हे मी धरून चालतो आणि फरक शोधायला बसतो. वजनाचं माप वेगळं असेल, जिंकणाऱ्याने आकडा फुगवला असेल. सरांनी दोन्ही शक्यता मांडल्या, एकही गळी उतरवली नाही.

सन्हेरीब म्हणतो, तटबंदीची ४६ शहरं घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं त्याच्या राजधानीत, यरुशलेमेत, कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठेच म्हणत नाही. शहर पडलं नाही हे शास्त्रही सांगतं. पण देवदूताने एका रात्रीत अश्शूरचे १,८५,००० लोक मारले, ते उजव्या रकान्यात नाही. "स्वतःची हार कुठला राजा लिहून ठेवील ओ?" मागून एक मावशी म्हणाल्या. सर म्हणाले, बरोबर आहे, पण न लिहिलेलं पुरावा म्हणून धरता येत नाही. ती जागा त्यांनी मोकळीच ठेवली.

तिसऱ्या रविवारी तेल दानचा शिलालेख, १९९३ मध्ये उत्तर इस्राएलात सापडलेला. झेरॉक्स इतकी काळपट होती की अक्षरं भिंगातून बघावी लागली. बाकी शब्दांच्या मध्ये ठिपके आहेत, 'बेथ' (म्हणजे घर) आणि 'दावीद' यांच्यात नाही, आणि हा दावीद राजाचाच उल्लेख आहे का, नेमका त्यावरच वाद पेटला होता. शेजारचे यंत्रमागावरचे काका पेन्सिलीच्या टोकाने एकेक ठिपका मोजत होते. आज बहुतेक अभ्यासक 'दाविदाचं घराणं' असंच वाचतात. दाविदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथाबद्दल त्या दगडात काही नाही, हेही सरांनी लगेच सांगितलं.

चौथा दिवस जड गेला. यहोशवाच्या वेळी यरीहो शहराचा तट कोसळला असं बायबल सांगतं. तिथे पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ खोदकाम केलं, आणि पडलेली तटबंदी यहोशवाच्या काळाच्या बरीच आधीची आहे असा निष्कर्ष काढला. एक आजोबा उठून उभे राहिले, "श्रद्धा मोडायला बोलावलंत का?" सरांनी त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, जमिनीतून निघालेलं मी तुमच्यापासून लपवून ठेवलं तर तुम्ही माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवाल का? आजोबा पाचव्या रविवारीही आले.

तक्रार आहे ती पाचव्या दिवसाची. अख्खा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दोन तासांत उरकला. कैसरियात १९६१ मध्ये सापडलेला, येशूला क्रूसावर देणारा रोमी सुभेदार पिलात याच्या नावाचा दगड पाच मिनिटांत संपला. शुभवर्तमान लिहिणारा लूक येशूचा जन्म हेरोद राजाच्या दिवसांशी आणि रोमी सुभेदार क्विरीनिया याच्या नावनिशीशीही (जनगणनेशी) जोडतो. हेरोद वारला साधारण इ.स.पू. ४ ला, नावनिशी झाली इ.स. ६ ला. एवढा फरक घाईत कसा सोडायचा? पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याच्या ग्रंथातला येशूवरचा उतारा पुढच्या ख्रिस्ती नकलनविसांनी वाढवला असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातलं मूळचं किती, यावर प्रश्न विचारायला हात वर केला तोवर चहा आला. या भागाला स्वतंत्र दोन रविवार हवेत, आणि झेरॉक्स स्वच्छ हवी.

तरी मी पुन्हा जाणार. आता जेवणाच्या सुट्टीत गप्प बसत नाही. परवा डब्याच्या झाकणावर खडूने दोन रकाने आखले आणि सोन्याचा आकडा आधी लिहिला.