सागरमाळावरचा ठेवा : शिवाजी विद्यापीठातील संग्रह

कोल्हापुरात आलेला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, नवा राजवाडा पाहतो आणि परततो. मराठ्यांच्या इतिहासाची व मराठी साहित्याची ओढ असलेल्यांनी मात्र शिवाजी विद्यापीठासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

चीनशी युद्ध सुरू असताना, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते या विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. ते इतिहासाचे अभ्यासक होते, हे या विद्यापीठाचे भाग्यच म्हटले पाहिजे. खडकाळ माळावर इमारती उभ्या करणे, पाण्याची सोय लावणे, झाडे जगवणे, संलग्न महाविद्यालयांचा कारभार बसवणे, एवढा व्याप असतानाही त्यांनी ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन हाती घेतले आणि ते खंड विद्यापीठातर्फेच प्रसिद्ध झाले. नव्या विद्यापीठाने आपल्या मुलखाचे दप्तर सांभाळणे हेही इमारतींइतकेच पायाभूत काम आहे, ही त्यांची दृष्टी मला आजही अनुकरणीय वाटते. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचा संग्रह आहे; तो अभ्यासायचा असेल, तर आधी रीतसर परवानगी घ्यावी.

मन सर्वांत अधिक रमते ते वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयात. शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून उमेदीची वर्षे घालवून १९३८ मध्ये कोल्हापूरला आलेला, मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारा हा लेखक येथे त्याच्या वापरातील वस्तू, हस्तलिखिते, पत्रे आणि छायाचित्रे यांतून भेटतो. उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावरही लेखनिकाला सांगून त्यांनी लेखन चालू ठेवले होते, हे ठाऊक असेल, तर त्यांच्या स्वतःच्या अक्षरातील पानांसमोरून पाऊल लवकर निघत नाही. शाळकरी मुलांना येथे अवश्य आणावे, पण घाईने फिरवू नये; एखादे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

सुट्टीच्या दिवशी जाण्याआधी वेळेची चौकशी करावी आणि मुख्य इमारतीसमोरच्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत झाडांच्या सावलीतून पायीच जावे.