उणे तीसमधली मिटन्स: विनिपेगच्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबरअखेर घेतलेली ही मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र राहतात असे हातमोजे, मार्च सरत आला तरी रोज वापरात आहेत. बाहेरून वारा अडवणारं कवच, आत सुटं होणारं लोकरी अस्तर, मनगटाला ओढायची दोरी. किंमत नव्वद डॉलरच्या आसपास. कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीत उणे तीसचं कुणाला नवल नसतं, त्यामुळे परीक्षा कसून झाली.

पाच बोटांच्या जाड हातमोज्यांपेक्षा यांत ऊब कितीतरी जास्त, कारण बोटं एकमेकांना लागून राहतात. फक्त एक साइझ मोठी घ्या. नवऱ्याने हौसेने अगदी मापातली घेतली; आवळलेल्या बोटांत रक्त नीट खेळत नाही, आधी गारठतात ती त्याचीच.

खरी अडचण मिटन काढावं लागतं तेव्हा. इथे गाडीत पेट्रोल आपलं आपणच भरायचं, आणि कार्ड सरकवायला, झाकण उघडायला बोटं मोकळी लागतात. एकदा वाऱ्यात तेवढ्याच वेळात माझ्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली. आधी झोंबत होती, मग झोंबायचंही थांबलं. थांबलं म्हणून हायसं वाटतं, पण काळजी करायची ती तेव्हाच. ही फ्रॉस्टनिपची, म्हणजे हिमदंशाच्या आधीची पायरी. हात काखेत धरले तशा मुंग्या आल्या, जळजळ झाली, रंग परतला. इथपर्यंत कायमचं नुकसान होत नाही. कातडी मेणासारखी, टणक झाली, ऊब देऊनही बधिरपणा जाईना किंवा फोड आले, तर मात्र तो हिमदंश, म्हणजे आतला भाग गोठलेला. तेव्हा सरळ इमर्जन्सी गाठायची. चोळायचं नाही, बर्फ तर नाहीच नाही, आणि हीटरवर शेकायचंही नाही. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. दवाखान्यात 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवतात. वाटेत पुन्हा गोठायची शक्यता असेल तर आधी वितळवूच नये. हो, आणि त्या थंडीत हातावर पेट्रोल सांडू देऊ नका. ते गोठत नाही, पण असतं तितकंच गार, वर उडून जाताना आणखी उष्णता ओढतं.

आता आत पातळ हातमोजे घालते, बसचं कार्ड, फोन सगळं त्यांवर होतं. निघताना विंड चिल बघते, म्हणजे वाऱ्यामुळे कातडीला थंडी किती जाणवेल तो आकडा. हवा उणे 20 आणि वारा ताशी 30 किलोमीटर असेल तर आकडा उणे 33 येतो, आणि उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. उणे 40 च्या खाली गेला की 5 ते 10 मिनिटं. गाल-नाकाला मिटन्सचा काय उपयोग, त्याला वेगळी टोपी लागतेच.

तक्रारी दोन. अस्तर घामाने ओलावतं आणि रात्रभर वाळवलं नाही तर सकाळी गारढोण, शिवाय वास. दुसरं, अंगठ्याची शिवण फेब्रुवारीत उसवली. या किमतीला हे शोभत नाही. घरीच जाड दोऱ्याने टाके घातले, अजून टिकून आहेत. पुढच्या वर्षी हीच वापरेन, पण सुटं अस्तर आणखी एक घेऊन ठेवणार आहे.