लेकीच्या गुडघ्याची वाटी: जळगावच्या हॉस्पिटलचा अनुभव

आम्ही रावेरकडचे, केळीवाले. लेक कबड्डी खेळते. दोन वर्षांत तिच्या गुडघ्याची वाटी तीनदा बाहेरच्या बाजूला सरकली. आधीच्या दवाखान्यात नुसता पट्टा बांधून परत पाठवायचे. जळगावच्या डॉक्टरांनी मात्र एमआरआय आणि सीटी स्कॅन समोर ठेवून पाऊण तास समजावलं. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा एमपीएफएल नावाचा अस्थिबंध तुटला होता. तो मांडीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर, घेऊन नव्याने बांधायचा. नडगीच्या हाडावरचा उंचवटा, जिथे वाटीचा टेंडन बसतो, तो फार बाहेर असेल, म्हणजे मोजमाप साधारण २० मिलिमीटरच्या वर असेल, तर हाड कापून आत सरकवतात आणि स्क्रूने बसवतात. हिचं १४ निघालं, म्हणून हाडाला हात लावला नाही. नको ते ऑपरेशन गळ्यात मारलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

फिजिओथेरपी मात्र घाईची. एवढ्या लांबून जायचं आणि दहा मिनिटांत उरकायचे. मांडीचा स्नायू वाळला होता, तिथे वेळ द्यायलाच हवा. शेवटी घरीच खाटेवर रोज व्यायाम करून घेतला. सहा महिने झाले. परवा पोरगी बागेत घड मोजत फिरली.