आधी पुमसे की सांध्यांचे लॉक?

कोरियन युद्धकलांत नवशिक्याने सुरुवात कशाने करावी? तायक्वांदोचा पहिला पुमसे (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच), तेगुक इल जांग, एकट्याने घोटता येतो. 18 हालचाली, त्यासाठी गच्ची पुरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र सकाळी सातच्या आत उरका. सुरुवात डावीकडे वळून खालच्या ब्लॉकने (खालून येणारा वार हाताने अडवणं), मग उजवं पाऊल पुढे टाकून ठोसा. चुकतं ते वळताना: हात आधी फिरतो, पाय मागून येतो आणि तोल जातो.

हॅपकिडो या दुसऱ्या कोरियन युद्धकलेतल्या लॉकला (सांधा वळवून समोरच्याला जखडणं) जोडीदार लागतोच. त्याने मनगट धरलं की बोटं ताठ पसरा, कोपर बरगडीशी आणा, त्याच्या अंगठ्याच्या फटीतून हात सोडवा. लगेच त्याच्या पंज्याच्या पाठीवर दोन्ही अंगठे टेकवा, पंजा त्याच्याच कोपराकडे दुमडा आणि पाऊल मागे घेत बाहेरच्या बाजूला वळवा. नुसत्या दंडाच्या जोरावर लॉक बसत नाही, कंबर वळायला हवी. झटका कधीच देऊ नका, मनगटाचे अस्थिबंध दुखावतात. त्याने थोपटलं (म्हणजे ‘पुरे’ची खूण केली) की त्याच क्षणी सोडा.

लॉकसाठी लागणारा पडण्याचा सराव शहाबादी फरशीवर चादर अंथरून नको, ती सरकते; मॅटच हवी.

आमचा कौल पुमसेला, निदान पहिले दोन महिने. पाय स्थिर नसतील तर लॉक लावताना आधी आपलाच तोल जातो.