घाटात गाडी पळवायची हौस असेल तर आधी हा हवेचा पंप घ्या

सिगारेट लायटरच्या सॉकेटला जोडायचा, हवेच्या दाबाचा आकडा लावून दिला की तिथे आपोआप थांबणारा, टायरात हवा भरायचा पंप. अडीच हजारांच्या आत मिळतो, डिकीच्या एका कोपऱ्यात मावतो. बहुतेक जण तो पंक्चरच्या भीतीने घेतात. मी घेतला घाटासाठी. आणि आता माझं ठाम मत आहे की घाटात गाडी हौसेने पळवणाऱ्याने भारी टायर, कडक स्प्रिंगा यांचा विचार करण्याआधी हाच घ्यावा.

ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर जो स्टिकर दिसतो, त्यावरचा आकडा थंड टायरचा असतो. गाडी तीन-चार तास उभी असली तरच टायरला थंड म्हणायचं. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तो गिऱ्हाइकाचा हक्कच आहे, पण तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. तापलेल्या टायरात 33 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) भरले की रात्रभर उभं राहून तो 30-31 वर येतो. त्यात प्रत्येक ठिकाणचा मीटर वेगळं सांगतो. एका पंपावर 33 भरून घेतलेला टायर दुसऱ्या दिवशी माझ्या गेजवर, म्हणजे हवा मोजायच्या मीटरवर, 29 निघाला होता. पुण्यात कोथरूड ते डेक्कन जाताना यातलं काही कळणार नाही. ताम्हिणी घाटात पहिल्याच उलट्या वळणावर कळतं.

माझी गाडी साधी हॅचबॅक, टायर 185/65 आर15. म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत टायरची भिंत सुमारे 12 सेंटिमीटर उंच. हवा कमी असली की स्टिअरिंग वळवल्यावर आधी ही भिंत मुरडते आणि मग गाडी वळते. त्या मधल्या क्षणात नाक बाहेर ओढलं जातं, आपण स्टिअरिंग आणखी वळवतो आणि पुढचे टायर किंचाळायला लागतात. हवा जास्त झाली तर उलटं. 38 भरून पाहिले तेव्हा पिरंगुटपर्यंत गाडी एकदम चटपटीत वाटली, पण मुळशीच्या पुढे रस्ता जिथे खडबडीत आहे तिथे चाक टेकतच नव्हतं, आणि उतारावर ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लगेच थरथरायचं. टायर फुगून मधल्या पट्ट्यावर उभा राहिला की रस्त्याला चिकटणारा भागच कमी होतो.

स्टिकर म्हणतो चारही चाकांना 33. दोघंच जण, सामान नाही, असं असेल तर मी आता पुढे 35 आणि मागे 33 ठेवते. इंजिनचं वजन पुढे, वळणाचा आणि ब्रेकचा भारही पुढेच, म्हणून वाढवायचं ते पुढे. मागे 35 करून पाहिलं, तर उतारावर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागची बाजू हलकी व्हायची. कोणाला ते आवडत असेलही, मला दरीच्या बाजूला ते नको. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. पण सुरुवात स्टिकरपासून करा आणि एका वेळी एक-दोनच पीएसआय बदला. स्टिकरच्या खाली मात्र हौसेसाठी कधीच जाऊ नका. टायरवर 44 किंवा 51 असा जो आकडा कोरलेला असतो, ती कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. पौडला एक टायरवाले काका मला प्रेमाने म्हणाले होते, "ताई, लांब जाताय, चाळीस मारून देतो, गाडी पळेल." मी हात जोडून नको म्हटलं.

आकडा बरोबर आहे का, ते टायरच सांगतो. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा आणि भिंत जिथे मिळतात त्या कडेवर, नीट बघितलं तर छोटा त्रिकोण कोरलेला दिसतो, मिशेलिनच्या टायरवर त्याजागी त्यांचा तो गुबगुबीत माणूस असतो. निघताना तिथे खडूने आडवी जाड रेघ मारायची. घाट उतरून झाला की बघायचं, रेघ कुठपर्यंत पुसली. त्रिकोणाच्या आसपास थांबली असेल तर ठीक. त्रिकोण ओलांडून भिंतीवरही घासलं गेलं असेल तर टायर जास्त मुरडतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बऱ्याच आधी थांबली असेल तर हवा जास्त आहे. दुसरा एक जुना ठोकताळा: जोरात चालवून थांबल्या थांबल्या मोजा. थंड आकड्यापेक्षा साधारण 4 पीएसआय वाढले असतील तर जमलं. बरेच जास्त वाढले असतील तर सुरुवातीला हवा कमी होती, टायर मुरडून मुरडून तापला. माणगावला चहाला थांबते तेव्हा माझे पुढचे टायर 38-39 दाखवतात. ते बघून घाबरून हवा सोडायची नाही. हे वाढणं स्टिकरच्या आकड्यात धरलेलंच असतं.

हवामानाचा हिशेबही ठेवावा लागतो. दर 5-6 अंशांना साधारण 1 पीएसआय इकडेतिकडे होतो. मी हवा आदल्या संध्याकाळी भरते, दिवसभर गाडी उभी असली तरच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट संध्याकाळपेक्षा चांगलीच गार असते, म्हणून तेव्हा एक पीएसआय वाढीव.

पावसाळ्याबद्दल कळकळीने सांगायचंय. "ओल्या रस्त्यावर हवा कमी ठेवा, पकड येते" असं अनेक जण सांगतात. ताम्हिणीच्या पावसात हे ऐकू नका. टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला कोणत्या वेगाला लागतो, याचं नासाच्या प्रयोगांतून आलेलं सूत्र हवेच्या दाबावर बेतलेलं आहे. 33 पीएसआयला तो वेग ताशी सुमारे 96 किलोमीटर येतो, 25 ला सुमारे 83. टायर झिजलेला असेल तर हा धोका फार जवळचा आहे. कमी हवेने टायरच्या खाचाही आवळल्या जातात आणि पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. पावसात आकडा तोच ठेवते, वेग कमी करते.

नायट्रोजनवर पैसे घालवू नका. साध्या हवेत 78 टक्के तोच आहे. त्याचा खरा फायदा कोरडेपणाचा, आणि तो आपल्या वापरात जाणवण्याइतका नाही.

आता पंपाबद्दल. 29 वरून 33 ला न्यायला एका टायरला दोन-तीन मिनिटं लागतात. इंजिन चालू ठेवून लावा, नाहीतर बॅटरीवर ताण येतो. चालू असताना त्याचा आकडा खऱ्यापेक्षा एखादा पीएसआय जास्त दिसतो, थांबला की खाली येतो, म्हणून मी एक जास्त लावते. नळी आट्यांची आहे, काढताना फुस्स करून थोडी हवा जाते, तिथे हात चपळ हवा. पितळी तोंड तेव्हा चांगलंच तापलेलं असतं, रुमाल धरा. चारही चाकं सलग भरायची असतील तर मधे त्याला थोडी विश्रांती द्या. आवाज मोठा आहे, पहाटे सोसायटीत लावला तर वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीत येतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पंपाच्या मीटरवर एकट्यावर विसंबू नका. हवा सोडायचं बटण असलेलं वेगळं काट्याचं गेज घ्या, शेवटचा अर्धा पीएसआय त्यानेच जुळतो. आणि दुकानात पैसे देण्याआधी वायरची लांबी विचारा. माझी मागच्या चाकापर्यंत जेमतेम पोचते, त्याहून लांब गाडी असेल तर पोचणार नाही.