ईबर्ड की आयनॅचरलिस्ट: नोंदी कुठे ठेवाव्यात?

पक्षी पाहायला लागून एखादा हिवाळा सरला की वही पुरेनाशी होते आणि हा प्रश्न पडतो. ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या दोन्ही, पाहिलेले जीव नोंदवायच्या, सायटी फुकट आहेत, दोन्ही मी नेमाने उघडतो. तेव्हा पैशांचा विचार सोडा. सकाळी बाहेर पडल्यावर तुमचं लक्ष कशात राहणार, एवढंच बघा.

आयनॅचरलिस्टची मोठी बाजू आधी सांगतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ती उभी राहिली आणि तिथे जिवंत ते सगळं चालतं. पावसाळ्यात ताम्हिणीला गेलात तर बेडूक, कोळी, बुरशी, तेरडा, कारवी, काय काय समोर येतं! फोटो चढवला की संगणक नाव सुचवतो, मग जाणकार माणसं ते तपासतात. दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनाला वापरण्याजोगी, होते. कुणी अनोळखी अभ्यासक पानाची कड किंवा पंखावरची रेघ दाखवून नाव दुरुस्त करतो, तेव्हा जे शिकायला मिळतं ते पुस्तकात क्वचितच सापडतं. शिवाय धोक्यातल्या प्रजातींची नेमकी जागा ती आपोआप झाकते. वनस्पती किंवा फुलपाखरांत रमणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्यांची सायट हीच.

पण पक्ष्यांपाशी माझं घोडं अडलं ते फोटोवर. फोटो किंवा आवाज जोडला नाही, तर तिथली नोंद ‘कॅज्युअल’ राहते, पुढच्या पायरीवर जात नाही. नियम योग्यच आहे, पुराव्याशिवाय दुसऱ्याने पडताळायचं कसं? माझ्याकडे मात्र मोबाइलचा कॅमेरा. शेंड्यावरचा तांबट त्यात ठिपक्याएवढा येतो, आणि झुडपातला नवरंग येतच नाही. हळूहळू मी फोटो मिळेल त्याच पक्ष्याकडे बघायला लागलो. कावळा, साळुंकी, पारवा यांचे फोटो तर कोण काढतं? त्यामुळे एखाद्या जागेचं तिथलं पान उघडलं की लोकांनी काय टिपलं ते कळतं. तिथे रोज काय असतं, ते तितकं कळत नाही.

ईबर्ड २००२ पासून आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी ही पक्षी-संवर्धन संस्था यांनी सुरू केलेली. तिथे फक्त पक्षी, आणि नोंद होते ती अख्ख्या फेरीची: किती वाजता निघालात, किती चाललात, कोण किती दिसले. नुसता आवाज ऐकून ओळखलेला पावशाही चालतो. शेवटी ती विचारते, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? या प्रश्नाने माझं चालणं बदललं. ‘हो’ म्हणायचं तर कावळेही मोजावे लागतात. आणि सगळे लिहिले की जो दिसला नाही त्याचीही आपसूक नोंद होते. करडा धोबी कोणत्या आठवड्यात येतो आणि कधी निघून जातो, हे त्या सायटीवरच्या पट्ट्यांच्या आलेखात दिसतं, ते अशाच यादीमुळे.

भारतातल्या पक्ष्यांची स्थिती मांडणारा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३चा अहवाल याच नोंदींवर उभा आहे: तीस हजारांवर निरीक्षक, सुमारे तीन कोटी नोंदी, ९४२ प्रजाती. नीलपंखासारखा तारांवर सहज दिसणारा पक्षी घटतोय आणि त्याच्या धोक्याच्या श्रेणीचा फेरविचार व्हावा, हे त्यातूनच पुढे आलं. सामान्य पक्षी कुणी मोजलेच नसते तर हे कळलं असतं का?

ईबर्डचाही जाच आहे. थव्याचा आकडा जरा वेगळा भरला की तपासनीस तपशील मागतात, आणि भिगवणच्या पाण्यावर उतरलेली बदकं मोजताना डोळे दमतात. लांब पल्ल्याची लेन्स असलेल्या माझ्या मित्राला आयनॅचरलिस्टच आवडते, त्याचंही बरोबर असेल. पण दुर्बीण आणि कान एवढंच भांडवल असेल, तर मी ईबर्ड सुचवेन. सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करून घ्या. फेब्रुवारीत चार दिवसांची ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना असते, त्यात गच्चीवरून पंधरा मिनिटांची यादी भरली तरी सुरुवात होते.